अवेळचा चहा

पोचेकाकांना ऐकू कमी येतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्यांची दाढी करताना गप्पा मारणं सोडून दिलं होतं, आणि न्हावी बोलायचा थांबला म्हणजे प्रकरण गंभीरच म्हणायचं. काकांची समजूत मात्र अशी, की ही गोष्ट आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरचा काहीही बोलला तरी चेहरा विचारी करायचा आणि ‘हं, हं’ म्हणायचं. दहातल्या सात वेळा ते खपून जायचं. उरलेल्या तीन वेळा लोक म्हणायचे, मोठा कारागीर आहे, तंद्रीत असेल.

कारागीर मोठा होता, यात वाद नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या बंदुका आणि पिस्तुलं त्यांच्याकडे यायची. उडवायला नाही, कपाटात ठेवायला. कुठे पितळी नळी चेपलेली, कुठे दस्त्यावरच्या चांदीच्या टोपीला पोचा आलेला. बाकीचे लोक असल्या खड्ड्यात भरण भरतात, वरून रंग फासतात, नाहीतर कानस घेऊन आजूबाजूचं सगळंच खरवडून सपाट करतात. काकांना असल्या माणसांचा इतका राग होता की त्यांचं नाव निघालं तरी ते चष्मा काढून पुसायला लागत. “धातू कुठे गेलेला नसतो,” ते म्हणायचे. “घाबरून आत सरकलेला असतो. त्याला हळूच परत बोलवायचं.” आतून आधार लावायचा, बाहेरून छोट्या हातोडीने पोच्याच्या कडेकडेने टपटप करत यायचं, घाई करायची नाही. एका पोच्याला कधी तीन दिवस लागायचे.

आणि हे सगळं काम चालायचं कानावर. आतला आधार धातूला नीट टेकला असेल, तर हातोडीखालून ‘टप्’ असा भरीव आवाज येतो. आधार केसभर जरी सरकला, तर ‘टिण्’. पोकळ. पोकळावर मारलेला ठोका पोचा काढत नाही, वाढवतो. आता असल्या धंद्यात कानच गेले तर माणसाने करायचं काय? तुम्ही-आम्ही जे केलं असतं तेच काकांनी केलं. काही झालेलंच नाही असं धरून चालले.

तरी मनात धाकधूक होतीच. गेल्या हिवाळ्यात एका पिस्तुलाची चांदीची टोपी त्यांच्या हातून बिघडली होती. त्यांनी दोष उजेडाला दिला, पण त्याच दिवशी स्वतःशी ठरवलं, की पुन्हा असं झालं तर हातोडी खाली ठेवायची, कायमची. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ते या बाकावर बसत होते. हातोडी नसलेले काका म्हणजे नक्की कोण, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

दुकानात बाकं दोन. खिडकीजवळचं काकांचं, दाराजवळचं सूनबाईचं. मुलगा पुलांच्या कामावर, आठवडाभर बाहेरगावी, शनिवारी रात्री उगवायचा. सूनबाई सहा वर्षांपूर्वी या घरात आली ती वडिलांची हत्यारांची पेटी घेऊन. तिचे वडील बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचे. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. तीही तेच करायची. पेटीत लहानमोठी लोखंडी अंडी होती, सुपारीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत. गजाच्या टोकाला हवं ते अंडं बसवायचं, गज शिकंज्यात आवळायचा, त्यावर वाद्याचं तोंड चढवायचं आणि आतला पोचा वर आणायचा.

काम तसं एकाच जातीचं. पण काकांनी ते कधी कबूल केलं नाही. “पिपाण्या ठोकणं वेगळं आणि हत्यार ठोकणं वेगळं,” एवढं बोलून त्यांनी सहा वर्षं तिला आपल्या बाकापाशी बसू दिलं नव्हतं. बँडवाल्यांची रांग दारापर्यंत यायला लागली, तेव्हा तर ते काकूंजवळ फणकारलेच, “कानामागून आली आणि तिखट झाली!”

“मग तुम्ही गोड बोला,” काकू म्हणाल्या. “दुकानात कुणीतरी बोलायला हवं.”

सूनबाईची आणखी एक सवय काकांच्या डोक्यात जायची, ती चहाची. तिच्या चहाला वेळ ना काळ. काका ऐन कामात, हात बसलेला, पोचा वर यायला लागलेला, आणि नेमका तेव्हाच खांद्यावर हात पडायचा. “बाबा, चहा.” कधी चहाच नसायचा. “बाबा, किल्ली कुठंय?” किल्ली तिच्याच कमरेला. “बाबा, बाहेर ढग आलेत का हो?” खिडकी तिलाही दिसत होती. काका चिडून हातोडी ठेवायचे, चहा प्यायचे, पुन्हा आतला आधार बसवून सुरुवात करायचे. वर्षभर हे चाललं होतं. एवढी हुशार मुलगी आणि एवढी साधी गोष्ट कळू नये, की माणूस काम करत असताना त्याला हात लावू नये!

एका सोमवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांच्याकडे शस्त्रांचं दालन होतं, आणि त्या उंच, सडपातळ, सगळं लिहून घेणाऱ्या होत्या. त्यांनी लांबट पेटी बाकावर ठेवून उघडली. आत आखूड पितळी नळीची बंदूक होती. नळी टोकाकडे पसरत जाऊन तिचं तोंड थेट कर्ण्यासारखं झालेलं. तोंडाभोवती कोरीव वेलपत्ती, आणि वेलीला लागूनच अंगठ्याएवढा पोचा.

“शिडीवरून पडली,” बाई म्हणाल्या. त्या समोर उभ्या होत्या आणि शब्द स्वच्छ उच्चारत होत्या, म्हणून काकांना बरंचसं कळलं. “आच द्यायची नाही. कानस नाही. पॉलिश नाही. पितळेवरचा जुना काळसर रंग जसाच्या तसा राहिला पाहिजे. पुढच्या बुधवारी येईन. हे नीट झालं तर दालनातली बाकीची हत्यारंही तुमच्याकडेच येतील. एकेक करून.”

“हं,” काका म्हणाले, आणि या वेळी ते मनापासून म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी बंदूक हातात घेतली. आधी आत गज घालून खोली मोजली, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. दुकानाचा नियमच होता, शंभर वर्षं न उडालेली बंदूकही आधी भरलेली समजायची. ही रिकामी होती. मग त्यांनी पोच्यावर बोट फिरवलं आणि त्यांना हसू आलं. बोटांना अजून सगळं ऐकू येत होतं.

अडचण वेगळीच निघाली. काकांचे लोखंडी आधार सगळे सरळ नळीचे. हे तोंड पसरट. सूनबाई दारातून बघत होती. ती आपल्या पेटीतलं एक अंडं घेऊन आली, कापडाने पुसून तिने ते बाकाच्या कडेला ठेवलं. “बाबा, हे बरोबर बसेल. आकार तोच आहे.”

काय म्हणाली ते कळायला ऐकण्याची गरज नव्हती.

“हे हत्यार आहे,” काका म्हणाले. “बाजा नाही.”

ती अंडं उचलून गेली. काकांनी दोन दिवस लेथवर बसून टणक लाकडाचा शंकू कातला, नळीच्या तोंडात घट्ट बसेल असा. शंकू बाहेर सरकू नये म्हणून तोंडापुढे फळी आवळली. शंकू झाला देखणा, त्याबद्दल शंका नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी ठोकायला घेतलं. दुपारपर्यंत निम्मा पोचा वर आला. काकांनी शीळ घातली. ती बेसूर होती, पण ते त्यांना कुठे कळणार?

दुपारनंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. ठोक्यांच्या हादऱ्याने फळी किंचित ढिली पडली आणि आतला शंकू अर्धं बोट पुढे सरकला. आणि दाराजवळ बँडमास्तर आपला ट्यूबा घेऊन आला, आणि वाद्याच्या पोटात अडकलेलं काहीतरी काढायला सूनबाईने खांद्यापर्यंत हात आत घातला.

टिण्.

तिला ते पाठमोरीला ऐकू आलं. “बाबा!” ती म्हणाली. टिण्. टिण्. “बाबा, थांबा! पोकळ आहे!” हात निघेना. बँडमास्तर गोंधळून कधी तिच्याकडे बघे, कधी वाद्याकडे. काका पाठ करून बसले होते, मान लयीत हलत होती, चेहऱ्यावर समाधान होतं. टिण्. शेवटी ती तशीच उठली, अख्खा ट्यूबा हातात अडकलेला, खुर्ची पाडत धावली आणि मोकळ्या हाताने तिने काकांचं मनगट धरलं.

काका उसळले. आजवर त्यांचा हात कुणी धरला नव्हता. त्यांच्या वडिलांनीसुद्धा नाही. “अक्कल आहे का?” ते ओरडले. मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि तिच्या मागे तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या बँडमास्तरकडे. तिच्या ओठांकडे बघून त्यांना समजलं. ती म्हणत होती, “मी किती हाका मारल्या.”

त्यांनी नळीवर बोट फिरवलं. जुना पोचा अर्धा होता तसाच. त्याच्या पलीकडे, वेलपत्तीच्या अगदी पानापाशी, नवा पोचा. उथळ, पण त्यांनी स्वतः केलेला. साठ वर्षांत इतरांचे पोचे काढले आणि आता आपल्या हाताने एक घातला.

त्यांनी हातोडी पुसली, खणात ठेवली आणि खण लावला. मग ते मागच्या खोलीत जाऊन पोत्यांवर बसले. त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही, कारण आपण रडताना किती आवाज होतो हे त्यांना कळत नव्हतं. तो चांगलाच होत होता.

काकू घरातून आल्या. त्या त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. त्या बाजूने थोडंफार ऐकू यायचं आणि हे काकूंना आधीपासून माहीत होतं, हेही काकांच्या त्याच वेळी लक्षात आलं.

“बंदूक परत पाठवतो,” काका म्हणाले. “आणि बाक तिला देऊन टाकतो. माझं संपलं.”

“ते तुमचं तुम्ही बघा,” काकू कानाजवळ येऊन म्हणाल्या. “पण आधी तिला एकदा विचारा, एवढ्या लांबून, पाठ फिरवून बसलेली असताना, ट्यूबात हात घालून, तिला कसं कळलं.”

हा प्रश्न काकांना सुचला नव्हता. खरंच, कसं कळलं?

ते बाहेर आले. बँडमास्तर गेला होता, सूनबाईचा हात सुटला होता आणि ती लाल झालेलं कोपर चोळत होती. काकांनी स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाकापाशी बसले.

“उजवीकडून बोल,” ते म्हणाले. “जोरात. तुला कसं कळलं पोकळ आहे ते?”

तिने कोपर चोळणं थांबवलं. मग उजवीकडे आली. “बाबा, सहा वर्षं मी तुमचं काम ऐकतेय. बघायला तुम्ही दिलं नाहीत. ऐकायला बंदी नव्हती. पितळ कसं वाजतं, चांदी कशी वाजते, पोचा वर यायला लागला की आवाज कसा जाड होतो, सगळं तिथे बसून शिकले.”

काकांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

“आणि बिघडतंय हे कधीपासून कळत होतं?”

ती अवघडली. पदराने उगाच एक अंडं पुसत राहिली. “वर्ष झालं असेल.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं.” तिने अंडं खाली ठेवलं. “म्हणून चहा आणायचे.”

काकांना आधी अर्थ लागला नाही. मग एकदम लागला. अवेळी आलेला प्रत्येक चहा त्यांना आठवायला लागला. तिच्याच कमरेची किल्ली. आभाळातले ढग. प्रत्येक वेळी त्यांनी चिडून हातोडी ठेवली होती, आणि परत बसताना आधार नव्याने लावला होता. म्हणजे प्रत्येक वेळी तो सरकलेला होता. वर्षभरात त्यांच्या हातून जे जे निर्दोष बाहेर पडलं, त्या प्रत्येकावर निदान एक कप चहा खर्ची पडला होता.

“आणि हिवाळ्यातली ती चांदीची टोपी?” त्यांनी विचारलं.

“तेव्हा मी चार दिवस माहेरी होते,” ती ओशाळून म्हणाली, जणू चूक तिचीच.

काकांना लाज वाटली आणि त्या लाजेच्या खालून काहीतरी हलकंही वाटलं. वर्षभर ज्या भीतीत ते एकटे आहेत असं त्यांना वाटत होतं, त्या भीतीत दाराजवळ बसून कुणीतरी सोबत करत होतं. आणि आपण त्या मुलीला पिपाण्यावाली म्हणत होतो. ते उठले, खणातून हातोडी काढली, आणि बोट दाखवून म्हणाले, “ते अंडं दे इकडे. मघाशी आणलेलं.”

“मघाशी नाही, सोमवारी आणलेलं.”

“तेच ते. फार बोलू नकोस.”

शनिवारी दोघांनी मिळून काम मांडलं. अंडं गजावर, गज शिकंज्यात. बंदूक सूनबाईने दोन्ही हातांनी धरायची आणि पोचा बरोबर अंड्यावर टेकेल अशी हळूहळू फिरवायची, हातोडी काकांनी चालवायची. राहिला प्रश्न सांगायचं कसं. तिचे हात गुंतलेले, त्यांचे कान बंद. शेवटी तिने चप्पल काढली आणि आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला. आवाज भरीव आहे तोवर पाय हलका. पोकळ झाला की अंगठा दाबायचा.

“मोठ्यांना पाय लावायचा म्हणजे...” ती चाचरली.

“लाव. हुकूम समज.”

पहिल्या तासात तिने नऊ वेळा अंगठा दाबला. काका दर वेळी हातोडी हवेत तशीच थांबवायचे, ती बंदूक तिळभर फिरवायची, पुन्हा सुरू. दुसऱ्या तासात चार वेळा. तिच्या हातांना ठोक्यांची चाल कळायला लागली होती, आणि त्यांना तिच्या हातांची. पायावरचा तिचा पाय गरम होता. मध्येच काकांना वाटलं, आपण पुन्हा चौदा वर्षांचे झालो आहोत आणि नव्याने शिकतो आहोत. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोलले ते इतकंच, “अंगठा जरा हळू दाब. तुझं नख लागतं.”

मंगळवारी संध्याकाळी नळी तिरप्या उजेडात धरली तर तोंडाभोवतीची चमक एकसंध पळत गेली, कुठे अडखळली नाही. वेलीचं एक पान मात्र बारीकसं सपाट झालं होतं. नव्या पोच्याजवळचं. ते बघायला भिंग लागत होतं, पण काकांना ते भिंगाशिवाय दिसत होतं.

बुधवारी बाई आल्या. त्यांनी नळीवर बोट फिरवलं, भिंग लावलं, दिवा लावला. कागदावर काहीतरी लिहिलं. मग वळून काकांच्या डाव्या बाजूने त्यांनी काहीतरी विचारलं.

काकांचा ‘हं’ ओठांपर्यंत आला होता. सूनबाई दाराजवळून बघत होती आणि तिने मदतीला यायला एक पाऊल उचललंही. काकांनी हाताने तिला थांबवलं.

“बाई, या बाजूने मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “त्या बाजूनेही फारसं येत नाही. जोरात बोला. आणि ते सपाट झालेलं पान आहे ना, ते माझ्यामुळे. ठोका पोकळ पडला, मला कळलं नाही, एक नवा पोचा पडला. तो काढला, पण पान गेलं. ही माझी सूनबाई. तिने हात धरला नसता तर अख्खी वेल गेली असती. आतला आधार तिचा आहे आणि कान पण तिचे. हातोडी माझी.”

बाईंनी भिंग मिटवून ठेवलं. काकांच्या मनात आलं, संपलं. आता बंदूक पेटीत जाणार, पेटी बाहेर जाणार आणि दालनातलं एकही हत्यार पुन्हा इथे येणार नाही. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

बाई त्यांच्या उजवीकडे आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आधीच्या कारागिराने एका नळीला चीर पाडली आणि मेण भरून दिली. आम्हाला ती दोन वर्षांनी सापडली. तो तर म्हणायचा, माझ्या हातून कधी चूकच होत नाही.” मग त्यांनी कागदावर लिहिलं आणि लिहिलेलं काकांसमोर धरलं. ‘दुरुस्तीत एक पान सपाट झाले. कारागिरांनी स्वतः सांगितले.’ खाली सहीसाठी एक रेघ होती. बाईंनी तिच्या शेजारी हाताने दुसरी रेघ ओढली. “दोघांनी सह्या करा. पुढच्या सोमवारी पिस्तुलांची जोडी घेऊन येते.”

काकांनी कागद आधी सूनबाईपुढे सरकवला. मग स्वतः सही केली.

बाई गेल्यावर काकांनी कुणाला न विचारता दाराजवळचं बाक धरून ओढायला सुरुवात केली. ते हलेना. सूनबाईने दुसरं टोक धरलं. खुरडत, फरशीला ओरखडे पाडत, ते बाक खिडकीपाशी आलं आणि दुसऱ्याला चिकटून उभं राहिलं. काकू दारात येऊन बघत होत्या. “आता तेवढं कानाला मशीन लावून घ्या,” त्यांनी खुणेने सांगितलं.

“घेतो,” काका म्हणाले. “तुझं बोलणं ऐकायला. ठोक्यासाठी आहे मला कान.”

सोमवारी पिस्तुलांची जोडी आली. पहिल्याच्या टोपीवर काका ठोकायला बसले, बाजूला सूनबाई ट्रंपेट घेऊन. हात बसला, पोचा वर यायला लागला, आणि नेमका तेव्हाच खांद्यावर हात पडला. काकांनी हातोडी हवेतच थांबवली.

“चहा, की पोकळ?”

सूनबाईने दुसरा हात पुढे केला. त्यात कप होता, वाफाळता.

“भरीव आहे बाबा,” ती त्यांच्या उजव्या कानात म्हणाली. “आज नुसता चहा.”